विमानतळ बांधण्याआधी: पर्यावरणीय मंजुरी कशी मिळते आणि त्यात आपण कुठे बोलू शकतो

पुरंदरच्या नियोजित विमानतळाचा विषय निघाला की पुण्यातले बोलणे बहुधा दोन टोकांना जाते. शहरात राहणारे विचारतात, लोहगावला हवाई दलाच्या धावपट्टीवर आणखी किती वर्षे भागवायचे? वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांतले लोक विचारतात, अंजीर-सीताफळाच्या बागा देऊन आम्ही जायचे कुठे? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण त्यांच्या गलबल्यात एक तिसरा प्रश्न नेहमी मागे राहतो. एवढा मोठा प्रकल्प त्या जमिनीवर, पाण्यावर आणि हवेवर काय परिणाम करणार हे कोण तपासते, केव्हा तपासते, आणि त्या तपासणीत सामान्य माणसाला बोलायला जागा आहे का?

जागा आहे, आणि ती कायद्याने दिलेली आहे. मात्र ती नेमकी कोणत्या टप्प्यावर येते आणि किती दिवस उघडी राहते हे माहीत नसल्यामुळे ती बहुतेक वेळा वाया जाते. मग झाडांवर कुऱ्हाड पडू लागली, डोंगराला पोकलेन लागला, की धावपळ सुरू होते. वरातीमागून घोडे नाचवून हाती फारसे लागत नाही. म्हणून ही प्रक्रिया, तिच्या बलस्थानांसह आणि तिच्या दुबळ्या जागांसह, आधीच समजून घेतलेली बरी. येथे मी पुरंदरचे उदाहरण वारंवार घेणार आहे, कारण ते आपल्या दाराशी आहे. पण जे सांगायचे आहे ते रिंग रोडला, मोठ्या टाउनशिपला किंवा धरणालाही बहुतांशी लागू पडते.

कायदा काय म्हणतो

१९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. त्या कायद्याखाली केंद्र सरकारने २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची, म्हणजे सर्वजण ज्याला ‘ईआयए’ म्हणतात त्याची, पहिली अधिसूचना काढली. आज जी चालू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना असून त्यानंतर तिच्यात असंख्य दुरुस्त्या झाल्या आहेत. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: यादीत दिलेल्या प्रकारच्या प्रकल्पाला बांधकाम सुरू करण्याआधी पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते, आणि जागा ताब्यात घेऊन सुरक्षित करण्यापलीकडे, जमिनीच्या सपाटीकरणासह, कोणतेही काम मंजुरी मिळेपर्यंत करता येत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भूसंपादन आणि पर्यावरणीय मंजुरी या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. संपादनाची नोटीस आली, ड्रोनने मोजणी झाली, मोबदल्याचे दर जाहीर झाले, याचा अर्थ पर्यावरणाच्या अंगाने प्रकल्प मंजूर झाला असा होत नाही. तसेच मोबदला स्वीकारलेल्या शेतकऱ्याचा पर्यावरणाविषयी हरकत घेण्याचा हक्कही संपत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची तरतूद आहे, पण जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली जाते यावर ते होते की नाही हे अवलंबून असते. वनजमीन लागणार असेल तर वनविषयक परवानगी वेगळी, अभयारण्याच्या परिसराला धक्का लागत असेल तर वन्यजीव मंडळाची वेगळी, आणि शहरातली झाडे तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची आणखी वेगळी. एका कार्यालयात ‘मंजुरी आहे’ असे उत्तर मिळाले, तर ती कोणती मंजुरी, हे विचारायला विसरू नये.

प्रकल्पांची यादी दोन गटांत विभागलेली आहे. ‘अ’ गटातल्यांचा विचार दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालय करते आणि ‘ब’ गटातल्यांचा राज्यस्तरीय प्राधिकरण मुंबईत करते. व्यावसायिक वापराचे विमानतळ ‘अ’ गटात येतात. राज्य महामार्ग ‘ब’ गटात येतात. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठे बांधकामही यादीत आहे, पण सर्वसाधारण इमारत-प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, त्यामुळे आपल्या शेजारी उभ्या राहणाऱ्या प्रचंड गृहसंकुलाविषयी आपल्याला कोणी काही विचारत नाही. रेल्वेमार्ग तर यादीतच नाहीत. ही सूट का असावी याचे पटेल असे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. डोंगराला आणि ओढ्याला रूळ आणि डांबर यांतला फरक कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा

प्रकल्प उभारणारी संस्था आधी एक अर्ज आणि पूर्वव्यवहार्यता अहवाल, म्हणजे प्रकल्प शक्य आहे का याची प्राथमिक पाहणी, दाखल करते. या अर्जात प्रकल्पाच्या पंधरा किलोमीटरच्या परिघात नद्या, जंगले, संवेदनशील अधिवास, दाट वस्ती, शाळा, रुग्णालये काय काय आहे, हे लिहून द्यावे लागते. त्याच्या आधारे तज्ज्ञ मूल्यमापन समिती अभ्यासाची कार्यकक्षा ठरवते. कार्यकक्षा म्हणजे अभ्यासात कोणत्या प्रश्नांची उत्तरे शोधायची त्यांची यादी. या क्षेत्रात वावरणारे तिला ‘टीओआर’ म्हणतात.

पुढचे सगळे या यादीवर उभे असते. जो प्रश्न कार्यकक्षेत नाही त्याचे उत्तर अहवालात येत नाही, आणि जे अहवालात नाही त्यावर सुनावणीत बोलले तर ‘तो आमच्या अभ्यासाचा भाग नव्हता’ असे उत्तर मिळते. म्हणून ज्यांना खरोखर काही बदलायचे आहे त्यांनी सुनावणीच्या मंडपाची वाट न पाहता याच टप्प्यावर समितीला लेखी कळवावे. केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर अर्ज, समितीच्या बैठकांची कार्यसूची आणि इतिवृत्ते ठेवली जातात. ती वाचणे कंटाळवाणे आहे, हे खरे. पण गावातल्या एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने आठवड्यातून एकदा ते पान उघडून पाहायचे ठरवले, तरी सगळ्या गावाला वेळेवर कळते.

अहवालातला एक भाग पर्यायांचा असतो: हीच जागा का, दुसऱ्या कोणत्या जागा पाहिल्या, त्या का नाकारल्या. माझ्या मते अख्ख्या मूल्यांकनाचा जीव या भागात आहे, आणि नेमका हाच भाग बहुतेक अहवालांत सर्वांत कृश असतो. त्याचे कारण उघड आहे. पुण्याच्या नव्या विमानतळासाठी चाकण-राजगुरुनगर परिसराची वर्षानुवर्षे चर्चा झाली, तिथल्या डोंगराळ भूभागाची अडचण पुढे आली आणि २०१६ मध्ये पुरंदरचे नाव निश्चित झाले. असे निर्णय धावपट्टीची दिशा, वाऱ्याचा रोख, हवाई दलाचे आकाश, जमिनीची उपलब्धता आणि राजकारण यांवर होतात. पर्यावरणाचा अभ्यासक येतो तेव्हा जागा ठरून गेलेली असते, आणि त्याला फक्त ती योग्य कशी, एवढेच लिहायचे उरते. याला उपाय एकच: पर्यायी जागांची तुलना पाणी, शेती आणि अधिवास यांच्या आकड्यांसह करावी, अशी मागणी कार्यकक्षा ठरत असतानाच नोंदवणे.

तीन महिन्यांत दिसणारा आणि न दिसणारा निसर्ग

कार्यकक्षा ठरल्यावर सल्लागार संस्था प्रकल्पाभोवतीच्या सुमारे दहा किलोमीटरच्या क्षेत्राची सद्यस्थिती मोजते. हवेतले धूलिकण, आवाजाची पातळी, विहिरींचे पाणी, माती, वनस्पती, प्राणी, लोकवस्ती, अशी ही मोजणी असते. ती सर्वसाधारणपणे एका ऋतूची पुरते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून घ्यायचा असतो. हवेच्या प्रदूषणासाठी हे ठीक आहे, कारण पावसात धूळ बसते आणि हवा फसवी स्वच्छ दिसते. पण पाण्याच्या बाबतीत, आणि विशेषतः आपल्या भागात, ही तरतूद मोठी फसगत करू शकते.

पुरंदर हा पर्जन्यछायेचा तालुका. मार्च ते मे या काळात कोणी तिथे सर्वेक्षण केले, तर त्याला ओढे कोरडे दिसतील, नाल्यांच्या पात्रात बाभळी दिसतील, आणि नकाशावर ‘हंगामी प्रवाह’ अशी एक बारीक निळी रेघ काढून तो पुढे जाईल. पण २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवावी. त्या रात्री कात्रजच्या बाजूने आलेल्या आंबिल ओढ्याने पुण्यात हाहाकार केला, आणि त्याच रात्री पुरंदरमध्ये कऱ्हेला असा पूर आला की नदीकाठची माणसे आणि जनावरे वाहून गेली आणि खाली बारामतीपर्यंत लोकांना हलवावे लागले. वर्षाची सरासरी कमी असलेल्या भागात पाऊस कमी दिवस पडतो. तो नेहमी कमीच पडतो असे नाही.

आता हिशोब करून पाहू. धावपट्टी, टॅक्सी-वे, विमाने उभी करण्याची जागा, टर्मिनल, रस्ते आणि पार्किंग मिळून समजा शंभर हेक्टर जमीन काँक्रीट आणि डांबराखाली गेली. शंभर हेक्टर म्हणजे दहा लाख चौरस मीटर. एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर या पृष्ठभागावर एक लाख घनमीटर, म्हणजेच दहा कोटी लिटर पाणी पडेल. पूर्वी त्यातला काही भाग मुरमात मुरत होता, काही शेताच्या बांधांनी, ताली-बंधाऱ्यांनी थोपवला जात होता आणि उरलेला सावकाश ओढ्याला मिळत होता. आता जवळपास सगळे पाणी एकदम, ठरावीक तोंडांतून बाहेर पडेल. कुठे पडेल? खालच्या कोणत्या गावाच्या ओढ्यात? तो ओढा तेवढे पाणी वाहून नेऊ शकतो का? अहवालात ‘पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी योग्य व्यवस्था करण्यात येईल’ असे एक वाक्य असेल, तर ते उत्तर नव्हे. प्रवाहाचा कमाल वेग, पाणी साठवणाऱ्या तळ्यांचे आकारमान आणि बाहेर पडण्याच्या जागांचा नकाशा, हे उत्तर.

याच पाण्याची दुसरी बाजू विहिरींची. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखे नसते. ते वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत साठते, आणि एका टेकाडावर मुरलेले पाणी पलीकडच्या वाडीच्या विहिरीला लागते. जमीन सपाट करताना उंचवटे कापले आणि खोलगट भाग भरले, की हे थर तुटतात. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी कापावी लागली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. इतक्या मोठ्या उलथापालथीनंतर भूजलाचे काय होते, हे काम संपल्यावर मोजून काही उपयोग नसतो. पुरंदरमध्ये ज्यांच्या बागा विहिरीवर आणि मुळा-मुठेचे पाणी उचलणाऱ्या उपसा सिंचन योजनेवर तगल्या आहेत, त्यांच्यासाठी विमानतळाला लागणारे पाणी कोणत्या योजनेतून, कोणाच्या वाट्यातून येणार, हा कोरडा तांत्रिक प्रश्न नाही.

तिसरी गोष्ट माळरानाची. सासवड-जेजुरीपासून सुप्यापर्यंतच्या पट्ट्यात जो गवताळ, खडकाळ माळ दिसतो, तो सरकारी दप्तरात बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदलेला असतो. अहवालातल्या जमीन-वापराच्या तक्त्यातही तो याच नावाने येतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की इथे जाण्यासारखे काही नव्हतेच. प्रत्यक्षात या माळांवर लांडगे, खोकड, तरस आणि चिंकारा राहतात. चिंकारांसाठीच बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्यांसारखे शिकारी पक्षी याच गवतात रात्री उतरतात. सर्वेक्षण एप्रिलमध्ये झाले, तर ते परतलेले असतात आणि यादीत त्यांचे नाव येत नाही. धनगरांचे कळप जिथे चरतात ती जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर नसेल, पण ती कोणाच्याच उपयोगाची नाही असे म्हणता येत नाही. शिवाय पक्ष्यांची नीट नोंद ठेवणे विमानतळाच्याच हिताचे आहे, कारण मोठ्या पक्ष्यांची इंजिनाला होणारी धडक हा उड्डाणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

म्हणून स्थानिक लोकांनी आपल्याकडची माहिती लिहून ठेवणे फार मोलाचे ठरते. विहिरीची पातळी महिन्यागणिक किती असते, ओढ्याला पूर आला तेव्हा पाणी कोणत्या दगडापर्यंत आले होते, कोणत्या महिन्यात कोणते पक्षी दिसतात, याची तारखेसह वही आणि छायाचित्रे असतील, तर सल्लागाराच्या तीन महिन्यांच्या मोजणीसमोर ती भक्कमपणे उभी राहू शकतात.

आवाजाची सरासरी

विमानतळाच्या अहवालात एक प्रकरण आवाजाचे असते आणि ते वाचताना थोडी सावधगिरी हवी. २०१८ मध्ये केंद्राने विमानतळ परिसरासाठी आवाजाची मानके ठरवली. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे आकडे सरासरीचे आहेत, आणि डेसिबलची सरासरी आपल्या रोजच्या सरासरीसारखी नसते, ती ध्वनीच्या ऊर्जेवरून काढतात.

समजा रात्री एका घरावरून तासाला दोन विमाने जातात आणि प्रत्येक वेळी वीस सेकंद ८५ डेसिबलचा आवाज होतो. तासातली उरलेली जवळजवळ एकोणसाठ मिनिटे शांत आहेत. या तासाची सरासरी काढली, तर ती ६५ ते ६६ डेसिबलच्या आसपास येते, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. आता ही उड्डाणे रात्रीच्या फक्त दोन-तीन तासांत असतील आणि सरासरी सबंध रात्रीची घेतली, तर आकडा आणखी खाली येतो आणि अहवालात ‘मर्यादेच्या आत’ असे लिहिता येते. पण माणसाची झोप सरासरीने मोडत नाही, ती प्रत्येक विमानाने मोडते. लोहगाव, विमाननगर, कळस, धानोरी या भागांत राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून सुनावणीत मागायचे ते असे: सरासरीबरोबर एकेका उड्डाणाचा कमाल आवाज द्या, रात्री किती उड्डाणे अपेक्षित आहेत ते सांगा, आणि समध्वनी रेषांचा, म्हणजे सारख्या आवाजाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा गावांच्या, शाळांच्या आणि दवाखान्यांच्या नावांसह काढा.

अहवाल लिहितो कोण

हा अहवाल सरकार लिहीत नाही. प्रकल्प उभारणारी संस्था मान्यताप्राप्त सल्लागार नेमते आणि त्याचे शुल्कही तीच देते. या रचनेतला दोष उघड आहे. सगळे सल्लागार अप्रामाणिक असतात असे मुळीच नाही. अनेकजण निष्ठेने काम करतात. पण ज्याने शुल्क द्यायचे त्याला ‘तुमची जागा चुकीची आहे’ असे लिहून देणे कोणत्याही व्यवसायात अवघड असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालामधला मजकूर सापडल्याचे २००७ मध्ये उघड झाले होते, आणि ते सापडले तेही लोकांनी तो अहवाल बारकाईने वाचला म्हणून. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या यादीत आपल्या भागात कधीच न दिसणारी नावे आहेत का, आणि रोज दिसणारी गायब आहेत का, ही तपासणी कोणत्याही शेतकऱ्याला करता येते.

दुसरा दोष तुकड्यांचा आहे. विमानतळाचा अहवाल वेगळा, त्याला जोडणाऱ्या रस्त्याचा वेगळा, रिंग रोडचा वेगळा, भोवती उभ्या राहणाऱ्या गोदामांचा आणि गृहप्रकल्पांचा वेगळा. मुरूम आणि खडी ज्या खाणींतून येणार त्यांची मंजुरी आणखी वेगळी. प्रत्येक अहवाल म्हणतो की आपला वाटा थोडा आहे. पण सासवडच्या बाजूने दिवेघाट उतरणारा रस्ता, तिथली हवा आणि तिथले पाणी यांना मात्र या सगळ्या प्रकल्पांचा भार एकत्रच सोसावा लागणार आहे. एकत्रित परिणामांचा अभ्यास करावा, ही मागणी म्हणूनच फार मोलाची आहे.

जनसुनावणी: मतदान नव्हे, नोंद

मसुदा अहवाल तयार झाला की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेते. एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात किमान तीस दिवस आधी जाहिरात द्यावी लागते. अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला ठेवल्या जातात. कित्येकशे पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. मराठीत मिळतो तो त्याचा सारांश, आणि हा सारांश जास्तीत जास्त दहा पानांचा असतो. आपल्या गावाचे भवितव्य दहा पानांत वाचून त्यावर बोलायचे, ही अपेक्षा अन्यायाची आहे आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे. २०२० मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तेव्हा तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत द्यावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. त्याच मसुद्यात सुनावणीच्या सूचनेचा काळ तीस दिवसांवरून वीसवर आणण्याचे घाटत होते. देशभरातून लाखो हरकती गेल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही.

सुनावणीचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकाऱ्याने किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जा नसलेल्या अधिकाऱ्याने भूषवायचे असते. सुनावणीचे चित्रीकरण होते. उपस्थित प्रत्येकाला माहिती विचारण्याची आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. शेवटी कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून आणि समजावून दाखवावे लागते. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे पाच माणसे आली तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. बहिष्कार टाकताना ही गोष्ट लक्षात ठेवावी: बहिष्कारामागचा संताप समजण्यासारखा असतो, पण रिकाम्या मंडपाच्या कार्यवृत्तात हरकतींची जागाही रिकामीच राहण्याचा धोका असतो. ज्यांना सभेत जायचे नाही त्यांनी निदान लेखी हरकत पाठवून पोच घ्यावी. सुनावणीच्या गावात न राहणाऱ्या, पण प्रकल्पाशी ज्यांचा संबंध येतो अशा लोकांनाही लेखी म्हणणे पाठवता येते.

सुनावणीविषयी सर्वांत मोठी निराशा एका चुकीच्या अपेक्षेतून येते. लोकांना वाटते, एवढ्या सगळ्यांनी विरोध केला, म्हणजे प्रकल्प रद्द होईल. तसे होत नाही. हात वर करून झालेल्या विरोधाला या प्रक्रियेत बंधनकारक वजन नाही. वजन आहे ते मांडलेल्या मुद्द्याला, कारण सुनावणीत आलेल्या प्रत्येक मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते आणि समितीने ते उत्तर तपासावे लागते. ‘विमानतळ नको’ या वाक्याला ‘प्रकल्प राष्ट्रहिताचा आहे’ असे एका ओळीत उत्तर मिळते. पण ‘मसुद्यातील पाण्याच्या तक्त्यात अमुक गावातल्या सार्वजनिक विहिरीची नोंद नाही, तिथे मे महिन्यात इतक्या फुटांवर पाणी असते, ही नोंद का वगळली आणि काम सुरू झाल्यावर तिची पातळी खाली गेली तर जबाबदारी कोणाची’ या प्रश्नाला ओळीभरात उत्तर देता येत नाही. विरोध करायचा असेल त्याने तर असे प्रश्न विचारावेतच, पण ज्यांना विमानतळ हवा आहे त्यांनीही ते विचारले पाहिजेत.

मंजुरी, अटी आणि त्यानंतर

अंतिम अहवाल तज्ज्ञ समितीपुढे जातो. समिती शिफारस करते आणि निर्णय मंत्रालय घेते. एका बैठकीत अनेक प्रकल्प असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला वेळ थोडा येतो. समितीने आपले काम किती गांभीर्याने करावे, हे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या निकालात सांगितले आहे. त्या विमानतळाला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली होती. २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने ती स्थगित केली. सुरुवातीच्या अर्जात परिसरातली जंगले आणि संवेदनशील क्षेत्रे यांविषयी द्यायला हवी ती माहिती दिलेली नव्हती, आणि समितीनेही शिफारशीची कारणे न देता प्रकरण पुढे सरकवले होते, असे न्यायालयाला आढळले. समितीने फेरविचार केल्यावर जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटींसह स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ थांबला नाही, पण कारणे न देता दिलेली मंजुरी टिकत नाही आणि अर्जातला एक रिकामा रकाना देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतो, हे त्यातून पक्के झाले.

आधी बांधून मागून मंजुरी मागण्याचा प्रश्नही असाच महत्त्वाचा आहे. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी पश्चात मंजुरी देणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. मात्र १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला. माझे मत अल्पमताच्या बाजूने आहे. मागून मंजुरी मिळू शकते असे दिसले, की आधी विचारण्याची गरज कोणाला वाटणार?

मंजुरी मिळाल्यावर तिला आव्हान देण्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ आपल्या पुण्यातच बसते. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातले लोक ज्यासाठी प्रवास करून येतात ती सोय पुणेकरांच्या गावातच आहे. अपील मंजुरी कळल्यापासून तीस दिवसांत करायचे असते. पुरेसे कारण असेल तर आणखी साठ दिवसांपर्यंत ते स्वीकारता येते, पण त्यानंतर दार बंद होते. अपिलात नव्याने पुरावे गोळा करायला वेळ नसतो. तिथे उपयोगी पडतात ती सुनावणीत दिलेली लेखी हरकत, तिची पोच आणि अहवालातल्या उत्तराची प्रत.

मंजुरीपत्राला अटी जोडलेल्या असतात: किती झाडे लावायची, पावसाचे पाणी कसे अडवायचे, सांडपाण्यावर कुठे प्रक्रिया करायची, आवाज आणि हवा कुठे मोजत राहायची. या अटी पाळल्या जात आहेत की नाही, याचा अहवाल प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. ते मागवून घ्यावेत, मंजुरीपत्रातल्या अटींशेजारी ठेवून एकेक ओळ वाचावी, आणि जिथे प्रत्यक्ष स्थिती वेगळी दिसते तिथले तारखेचे छायाचित्र जोडून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी.